जुन्या हाय-फाय स्पीकरचा वूफर वाजत नसेल तर

वापरलेल्या स्पीकरची जोडी हौसेने घरी आणावी, तबल्याचे एखादे चांगले ध्वनिमुद्रण लावावे आणि एका बाजूने केवळ चाटीचा टणत्कार ऐकू यावा, डग्गा मात्र त्या बाजूला नसावाच, हा अनुभव जुन्या सामानाचा नाद असलेल्या बहुतेकांनी एकदा तरी घेतलेला असतो. माझ्याकडे गेल्या कित्येक वर्षांत स्वतःच्या, मित्रांच्या आणि मित्रांच्या मित्रांच्या अशा अनेक जोड्या याच तक्रारीसह आल्या. त्यांपैकी बऱ्याच जोड्यांमधला ‘मेलेला’ वूफर, म्हणजे खालचे स्वर वाजवणारा स्पीकरमधील मोठा भाग, जिवंत होता, फक्त त्याच्यापर्यंत वीज पोहोचत नव्हती. जे खरोखर मेलेले होते, त्यांच्या मागे जाळणारे काहीतरी होते आणि ते न शोधता नवा वूफर बसवला असता तर तोही गेला असता. म्हणून पुढील तपासण्यांचा क्रम फुकटातल्या तपासणीपासून खर्चाच्या तपासणीपर्यंत ठेवला आहे आणि तो मोडू नये अशी माझी विनंती आहे. हे सर्व साध्या, म्हणजे आत अॅम्प्लिफायर नसलेल्या स्पीकरविषयी आहे. ज्या स्पीकरला स्वतःची विजेची पिन आहे, तो उघडू नये. त्याच्या आत घरातील विजेचा दाब असतो आणि त्याची जागा दुरुस्तीच्या दुकानात आहे.

लक्षणे नीट ओळखणे

‘वूफर गेला’ या एका वाक्यात पाच-सहा निरनिराळी दुखणी दडलेली असतात. ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा लहान भाग, स्वच्छ वाजतो आणि वूफर पूर्ण गप्प आहे, हे सर्वांत सरळ लक्षण. वूफर मध्येच वाजतो व मध्येच थांबतो, किंवा कोनला, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या शंकूला, हलके बोट लावताच सुरू होतो, तेव्हा कुठेतरी तार तुटत आली आहे असे समजावे. वाजतो, पण खरखरतो आणि ही खरखर खालच्या स्वरांवर वाढते, तेव्हा आतील व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनला जोडलेले तारेचे वेटोळे, चुंबकाच्या फटीत घासत असते. दोन्ही वूफर वाजतात, पण खर्ज पातळ वाटतो, तेव्हा बहुधा एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडलेल्या असतात. अशा वेळी एक कोन पुढे येत असताना दुसरा मागे जातो आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात.

एक लक्षण मात्र धोक्याचे आहे. अॅम्प्लिफायर सुरू करताच कोन पुढे किंवा मागे सरकून तिथेच थांबत असेल, तर त्याच क्षणी अॅम्प्लिफायर बंद करावा आणि ‘अॅम्प्लिफायर निर्दोष आहे का’ हा भाग आधी वाचावा.

गप्प वूफर खरोखर वूफरच आहे याचीही खात्री करून घ्यावी. सेलेस्टियनचा डिटन १५ किंवा पोल्क ऑडिओचा मॉनिटर १० यांसारख्या जुन्या स्पीकरमध्ये वूफरसारखाच दिसणारा एक निष्क्रिय कोन असतो, ज्याला ना कॉइल असते ना तार. तो खोक्यातील हवेच्या दाबाने हलतो. एका गृहस्थांनी असा कोन ‘मेला आहे’ म्हणून खोलून माझ्याकडे आणला होता आणि त्याची टर्मिनल्स कुणी चोरली, असे ते मला विचारत होते.

स्पीकर न उघडता

पहिली तपासणी अदलाबदलीची. अॅम्प्लिफायर बंद करून त्याच्या मागे डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल करावी. गप्प बाजू बदलली, तर दोष अॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्याही मागे आहे आणि स्पीकर निर्दोष आहे. गप्प बाजू तीच राहिली, तर दोष त्या स्पीकरमध्ये किंवा त्याच्या तारेत आहे, म्हणून पुढे दोन्ही स्पीकरच्या ताराही आपसात बदलून पाहाव्यात. ट्वीटर वाजतो म्हणजे अॅम्प्लिफायर ठीकच असणार, असा युक्तिवाद मी पूर्वी करत असे. तो चुकीचा आहे, कारण अॅम्प्लिफायरमधील वाळलेला कपॅसिटर नेमका खर्जच अडवू शकतो. आवाज वाढवल्यावर एखादी बाजू खाडकन सुरू होत असेल, तर ते बहुधा अॅम्प्लिफायरच्या रिलेचे, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या आपोआप चालणाऱ्या स्विचचे, काळवंडलेले संपर्क असतात. वूफरचा त्यात काही संबंध नसतो.

होम थिएटरचा रिसीव्हर वापरणाऱ्यांनी त्याच्या मेनूत स्पीकरचा आकार ‘स्मॉल’ असा ठेवलेला नाही ना, हे पाहावे. तो तसा असेल तर रिसीव्हर खालचे स्वर मुख्य स्पीकरकडून काढून सबवूफरकडे पाठवतो, आणि घरात सबवूफर नसतानाही मेनूत तो आहे असे नोंदलेले असेल, तर ते स्वर कुठेच जात नाहीत.

यानंतर स्पीकरच्या पाठीकडे वळावे. तिथे दोनऐवजी चार टर्मिनल्स असतील, तर त्यांतील दोन वूफरची आणि दोन ट्वीटरची असतात, आणि वरच्या-खालच्या जोड्यांना जोडणाऱ्या पितळी पट्ट्या कारखान्यातून सोबत येतात. जुन्या मालकाने दोन वेगळ्या तारा वापरण्यासाठी या पट्ट्या काढलेल्या असतात आणि विकताना त्या ड्रॉवरमध्येच राहतात. नवा मालक वरच्या जोडीला तार लावतो, ट्वीटर वाजतो, आणि वूफरला वीज मिळण्याचा मार्गच नसतो. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेल्या एका जोडीचा वूफर मी तांब्याच्या तारेच्या दोन वीतभर तुकड्यांनी ‘दुरुस्त’ केला आहे. पट्ट्या जागेवर असल्या तरी टर्मिनल्सचे नट हाताने आवळून पाहावेत. काही जुन्या स्पीकरच्या पाठीवर लहानसा फ्यूजही असतो. तो असेल तर काढून मीटरने तपासावा, कारण काचेतून अखंड दिसणारा फ्यूजही कधी कधी टोकाशी तुटलेला असतो.

मल्टिमीटर

इथपर्यंत खर्च शून्य आहे. आता दोन-तीनशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर लागेल. तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतो. स्पीकरच्या दोन्ही तारा काढून ठेवाव्यात, मीटर सर्वांत लहान ओहमच्या रेंजवर ठेवावा आणि आधी त्याच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून पाहावे. स्वस्त मीटर तेव्हाही अर्ध्या ओहमच्या आसपास आकडा दाखवतो. तो पुढच्या प्रत्येक मापातून वजा करावा. मग पिना स्पीकरच्या टर्मिनल्सना लावाव्यात.

या मापाला इतके महत्त्व का, ते समजून घेण्यासारखे आहे. क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे वरचे आणि खालचे स्वर वेगळे करणाऱ्या आतील पाटीत, ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि तो मीटरचा एकदिश प्रवाह अडवतो. तीन ड्रायव्हरच्या, म्हणजे वूफर-ट्वीटरसारख्या तीन भागांच्या, स्पीकरमध्ये मधल्या ड्रायव्हरच्या वाटेतही साधारणपणे तो असतो. वूफरच्या वाटेत मात्र तारेचे वेटोळे, ज्याला दुरुस्तीवाले चोक म्हणतात, ते असते आणि त्यातून प्रवाह सरळ जातो. त्यामुळे बाहेरून घेतलेले माप जवळजवळ केवळ वूफरचे असते, आणि खोक्याचा एकही स्क्रू न काढता आतील वाट अखंड आहे की नाही हे कळते. काही मोजक्या रचनांमध्ये वूफरच्या वाटेतही मोठा कपॅसिटर ठेवलेला असतो, म्हणून कोणताही निष्कर्ष काढण्यापूर्वी जोडीतील चांगल्या स्पीकरचे माप घ्यावे. जोडीतला दुसरा स्पीकर हाच आपला सर्वांत विश्वासू मापदंड आहे.

आठ ओहमच्या स्पीकरचे माप साधारण साडेपाच ते सात ओहम येते आणि चार ओहमच्या स्पीकरचे तीन ते साडेतीन. पाठीवर लिहिलेला आठचा आकडा संगीताच्या बदलत्या प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाचा असतो, मीटर फक्त तांब्याचा रोध मोजतो, म्हणून मीटरवर आठ दिसले नाहीत याची काळजी करू नये. मीटर काहीच दाखवत नसेल, तर टर्मिनलपासून कॉइलपर्यंत कुठेतरी वाट तुटली आहे. खोके हलवल्यावर आकडा उड्या मारत असेल, तर कुठेतरी सोल्डरचा डाग सुटला आहे किंवा जोड सैल आहे. आकडा एक ओहमच्याही खाली असेल, तर तो स्पीकर अॅम्प्लिफायरला मुळीच जोडू नये. क्रॉसओव्हरमध्ये वूफरला समांतर बसवलेला कपॅसिटर आतून शॉर्ट झाला असेल, तर मीटरला फक्त चोकचा अत्यल्प रोध दिसतो, वूफर गप्प होतो आणि अॅम्प्लिफायरवर भलताच ताण येतो. वूफर निर्दोष असूनही मेल्यासारखा वागण्याचे हे एक फसवे कारण आहे. उंच टॉवर स्पीकरमध्ये दोन वूफर समांतर जोडलेले असतील, तर चांगल्या बाजूला तीन आणि वाईट बाजूला सहा ओहम दिसणे याचा अर्थ दोहोंपैकी एकाची वाट तुटली आहे, असा होतो.

पेन्सिल सेल

दीड व्होल्टचा एक पेन्सिल सेल आणि तारेचे दोन तुकडे एवढ्यावर पुढची तपासणी होते. सेलचे धन टोक लाल टर्मिनलला आणि ऋण टोक काळ्या टर्मिनलला क्षणभर टेकवावे. चांगला वूफर ‘टक्’ असा आवाज करून पुढे सरकतो आणि तार काढताच जागेवर परततो. सहा ओहमच्या कॉइलमधून अशा वेळी सुमारे पाव अँपिअर प्रवाह जातो, तो निरुपद्रवी आहे. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मात्र लावू नये, तिच्या झटक्याने लहान वूफरची कॉइल मागच्या पत्र्यावर आपटू शकते. कोन मागे सरकला तर तारा उलट्या आहेत असे समजावे. जेबीएलचे जुने ड्रायव्हर याला अपवाद आहेत, कारण त्यांत लाल टर्मिनलला धन टोक लावल्यावर कोन मागे जावा अशीच जोडणी कारखान्यात केलेली असे.

हा सेल मी जुने स्पीकर पाहायला जाताना खिशातच ठेवतो. विक्रेत्याकडे अॅम्प्लिफायर नसला तरी दोन मिनिटांत दोन्ही वूफरची नाडी कळते आणि भाव करताना बोलायला आधार मिळतो.

मीटर योग्य माप दाखवतो, पण सेल लावल्यावर कोन हलतच नाही, असे झाले तर कॉइल फटीत अडकली आहे. त्याविषयी पुढे येईलच.

वूफर बाहेर काढल्यावर

स्पीकर पाठीवर आडवा ठेवावा, म्हणजे शेवटचा स्क्रू निघाल्यावर वूफर पायावर पडणार नाही. स्क्रू हातानेच काढावेत आणि स्क्रू ड्रायव्हर धरलेल्या हाताखाली दुसरा हात आडवा ठेवावा, कारण वूफरचे चुंबक लोखंडी टोक ओढून घेते आणि ते सरळ कोनमधून आरपार जाते. मी स्वतः असा एक आठ इंची कोन फाडलेला आहे. वर्षानुवर्षे चिकटलेला वूफर निघत नसेल, तर चौकटीच्या कडेखाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवत न्यावी, जोर लावू नये. तारा काढण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्र घ्यावे.

पहिली नजर वूफरच्या टर्मिनल्सवर बसवलेल्या क्लिपांवर टाकावी. वर्षांच्या थरथरीने त्या सैल होतात आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत काळ्या पडतात. त्या काढून, बारीक पॉलिश पेपरने घासून, पकडीने किंचित दाबून पुन्हा बसवल्या की अनेकदा काम तिथेच संपते. पोर्टमध्ये, म्हणजे खोक्याच्या हवेच्या नळीत, कुंभारमाशीने केलेले मातीचे घर आणि उंदराने कुरतडलेली तार या दोन्ही गोष्टी मला स्पीकरच्या पोटात सापडल्या आहेत, तेव्हा आत बॅटरीचा उजेड टाकून पाहण्यात कमीपणा मानू नये.

आता क्लिपा काढून थेट वूफरच्या टर्मिनल्सवर माप घ्यावे. इथे योग्य आकडा येत असेल आणि बाहेरून येत नसेल, तर दोष क्रॉसओव्हरमध्ये किंवा मधल्या तारेत आहे. जड चोक पाटीवर नीट चिकटवलेला नसेल, तर वाहतुकीतल्या धक्क्यांनी त्याच्या पायाशी डाग तडकतो. तो पुन्हा गरम करून थोडे नवे सोल्डर देणे हे कोणत्याही हौशी माणसाला जमण्यासारखे काम आहे.

वूफरवरच आकडा येत नसेल, तर निराश होण्यापूर्वी टर्मिनलपासून कोनपर्यंत जाणाऱ्या त्या दोन लवचिक, विणलेल्या तारांकडे पाहावे. सुताच्या गाभ्यावर तांब्याचे बारीक धागे विणून त्या केलेल्या असतात आणि कोनबरोबर त्या लाखो वेळा वाकतात. थकल्यावर त्या टर्मिनलच्या किंवा कोनच्या अगदी जवळ तुटतात, आणि बाहेरून विणकाम शाबूत दिसत असल्याने तुटलेली जागा डोळ्यांना दिसत नाही. मीटरची एक पिन टर्मिनलवर आणि दुसरी कोनवरच्या डागावर ठेवून प्रत्येक तार वेगळी तपासावी. कोनवरच्या दोन डागांमध्ये सहा ओहम मिळाले, तर कॉइल जिवंत आहे. तार बदलताना त्याच प्रकारची विणीची तारच वापरावी. साधी वायर काही दिवसांत तुटते किंवा कोनवर आपटून फटफट आवाज करते. जुन्या तारेचा झोल होता तेवढाच नवीला ठेवावा आणि सोल्डर अगदी थोडे द्यावे, कारण ते धाग्यांत वर चढले की तार ताठ होते आणि तिथेच पुन्हा मोडते. एक तार गेली असेल तर दुसरीही तितकीच म्हातारी असते, म्हणून दोन्ही बदलाव्यात.

यानंतर कोनची हालचाल पाहावी. दोन्ही हातांची बोटे डस्ट कॅपभोवती, म्हणजे कोनच्या मध्यावरील टोपीभोवती, समान अंतरावर ठेवून कोन हळूच, सरळ आत दाबावा. चांगल्या वूफरमध्ये काहीही ऐकू येत नाही. बारीक खसखस ऐकू आली तर कॉइल घासते आहे, आणि कोन दगडासारखा घट्ट असेल तर बहुधा धक्क्याने चुंबक चौकटीवरून सरकले आहे. कुरिअरने आलेल्या स्पीकरमध्ये हे विशेष आढळते, कारण जड चुंबक केवळ गोंदावर धरलेले असते आणि खोके एकदा आपटले की तो गोंद सुटतो.

कडेच्या फोमविषयी थोडक्यात सांगतो. १९७० ते १९९० च्या दशकांतील पुष्कळ स्पीकरना फोमची कड असते. ती आपल्या उष्ण, दमट हवेत पंधरा-वीस वर्षांत चुरगळून गळू लागते. रबर किंवा कापडाची कड जास्त टिकते. फोम सडल्याने वूफर लगेच गप्प होत नाही, पण कॉइलला मध्यावर धरणारा एक आधार जातो, ती फटीत घासते आणि शेवटी तुटते. म्हणून सडलेल्या फोमचा स्पीकर ‘चालतोय तोवर’ म्हणून वाजवत राहू नये. केवळ फोम बदलणे हे पूर्ण रिकोनिंगपेक्षा, म्हणजे कोन आणि कॉइल नव्याने बसवण्यापेक्षा, पुष्कळ स्वस्त आहे.

अॅम्प्लिफायर निर्दोष आहे का

हा धडा मला दोन रिकोनिंगचे पैसे भरून मिळाला. दहा इंची वूफर कॉइल बदलून आणला, तो दोन संध्याकाळी वाजला आणि तिसऱ्या दिवशी गप्प झाला. दुसऱ्यांदा कारागिराने काढलेली कॉइल माझ्या हातावर ठेवली. ती वरपासून खालपर्यंत सारखी काळी पडली होती. तो म्हणाला, “साहेब, आता स्पीकर आणू नका, अॅम्प्लिफायर दाखवा.” अॅम्प्लिफायरच्या त्या बाजूच्या आउटपुटवर, काहीही वाजत नसताना, दोन व्होल्टहून अधिक एकदिश दाब होता.

कोणताही दुरुस्त किंवा नवा वूफर जोडण्यापूर्वी हे माप घ्यावे. स्पीकर काढून ठेवावेत, आवाज शून्यावर ठेवावा, अॅम्प्लिफायर दहा मिनिटे तापू द्यावा आणि मीटर डीसी, म्हणजे एकदिश, व्होल्टवर ठेवून एका बाजूच्या लाल व काळ्या टर्मिनलमध्ये माप घ्यावे. चेसीशी, म्हणजे अॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी, मोजू नये, कारण काही आधुनिक अॅम्प्लिफायरची दोन्ही टोके चेसीच्या तुलनेत दाबावरच असतात आणि आकडा विनाकारण घाबरवतो. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत राहावे. शंभरच्या वर असेल तर अॅम्प्लिफायर तपासून घ्यावा. अर्धा-एक व्होल्ट किंवा त्याहून जास्त असेल, तर त्याला कोणताही स्पीकर जोडू नये. व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या, अॅम्प्लिफायरवर ही तपासणी करू नये. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर एकदिश दाब अडवतोच आणि स्पीकरशिवाय तो चालवणे त्याला घातक असते.

कुठे थांबावे

अॅम्प्लिफायरचे झाकण उघडण्याची वेळ आली की थांबावे. पिन काढल्यावरही त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, आणि व्हॉल्व्हच्या यंत्रात ती शेकडो व्होल्टची असते. चुंबक सरकले असेल, कॉइल घासत असेल, कोनवरच्या दोन डागांमध्येही मीटर गप्प असेल किंवा डस्ट कॅपजवळ जळका वास येत असेल, तरीही थांबावे. चुंबकाची फट जेमतेम एक-दीड मिलिमीटरची असते आणि तिच्यात कॉइल मध्यावर आणण्याचे काम पहिल्या प्रयत्नात कुणालाच जमत नाही. एकदा लोखंडाचा कीस फटीत गेला की तो काढणे कारागिरालाही नकोसे होते.

रिकोनिंगला देताना शक्य असेल तर जोडीतला चांगला वूफरही सोबत न्यावा, म्हणजे कॉइलचा व्यास, तिची उंची आणि रोध त्याच्याशी ताडून पाहता येतात. ‘आठ इंची आहे, कोणताही बसेल’ हा सल्ला स्वीकारू नये. खोक्याचे आकारमान आणि पोर्टची लांबी त्या विशिष्ट वूफरच्या अनुनादानुसार ठरवलेली असते, आणि दुसऱ्या जातीचा वूफर भोकात नेमका बसला तरी त्याचा खर्ज त्या खोक्यात जमेलच असे नाही. मूळ वूफर दुरुस्त होण्यासारखा नसेल आणि तोच वूफर मिळत नसेल, तर निदान दोन्ही बाजूंना एकसारखे वूफर बसवावेत.

दुरुस्त वूफर घरी आणल्यावर त्याचा रोध मोजावा. तो दुसऱ्याच्या काही दशांश ओहमांच्या आत असावा. मग पेन्सिल सेलने दोन्ही कोन एकाच दिशेला सरकतात ना, ते पाहावे, कारण घाईत टर्मिनलचा लाल ठिपका उलटा लागलेला मी दोनदा पाहिला आहे. स्क्रू समोरासमोरचे एकाआड एक आवळावेत, म्हणजे चौकट वाकत नाही. खोके बंद प्रकारचे असेल, तर शेवटी कोन हलक्या हाताने आत दाबून सोडावा. तो सावकाश परत आला तर कडा हवाबंद बसली आहे, आणि चटकन परत आला तर गॅस्केट पुन्हा लावावी लागेल.